पणजीचं छापचित्र

“बाबा, गप्प का? यात राग दिसतो की नाही, एवढंच सांगा ना!”

आकिनलाबी हे तिसऱ्यांदा विचारत होता. नायजेरियातल्या ओशोग्बो गावी, म्हाताऱ्या ओगुनशोला बाबांच्या हाताखाली तो लाकूड कोरून कागदावर छाप घ्यायला शिकला होता. मग लंडनला गेला. आता परतला होता तो शिकायला नव्हे, शाबासकी वसूल करायला. उद्या हे छापचित्र लागोसच्या प्रदर्शनात लागणार होतं आणि त्याआधी त्याला गुरूचा होकार हवा होता.

भिंतीला टेकवलेलं चित्र पुरुषभर उंच होतं. मधोमध गोरा कॅप्टन, बूट रोवून उभा, जवळजवळ चित्राएवढाच. मागे नदीदेवीचं देऊळ जळतंय. खाली कोपऱ्यात हात बांधून गुडघ्यावर बसवलेली इवलीशी पुजारीण. ती आकिनलाबीची पणजी.

“दिसतो,” बाबा म्हणाले. “कोटाच्या गुंड्या किती दिवस कोरल्यास?”

“नऊ दिवस. प्रत्येकीवर मुकुट आहे, जवळून बघा.”

“आणि पणजीचं तोंड?”

“ते... एका दुपारीत झालं.”

“नाव काय तिचं?”

“घरात कुणाला आठवत नाही.”

“अन् याचं?”

“कॅप्टन एडविन हार्डविक!” उत्तर ताडकन आलं.

बाबांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“आपले जुने योरुबा कारागीर लाकडात माणसं कोरायचे. त्यात सगळ्यांत मोठा कोण असायचा रे?”

“राजा. नाहीतर देव. ज्याच्यापुढे वाकायचं, तो.”

“मग याला एवढा का केलास?”

“जुलूम तेवढा मोठा होता म्हणून!” आकिनलाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुम्हाला जुन्या लाकडापलीकडे काही दिसतच नाही, बाबा. लंडनची माणसं यापुढे उभी राहून रडली!”

“कुणासाठी?”

बाबा उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी स्टुलावर ठेवली. मग गुडघे टेकले, हात टेकले आणि त्या चित्रासमोर जमिनीवर पालथे, लांबच लांब आडवे झाले. कपाळ फरशीला लागलं.

योरुबांत तरुण माणूस वडीलधाऱ्यापुढे असा पडतो, आणि त्यानं ‘ऊठ’ म्हटल्याशिवाय उठत नाही. इथे ऐंशी वर्षांचा गुरू शिष्याच्या कागदापुढे पडला होता. बघवत नव्हतं ते.

“बाबा! माझी लाज काढताय का? उठा आधी!”

त्यानं दंडाला धरून ओढलं. म्हाताऱ्यानं हिसडा देऊन हात सोडवला.

“तू कोण मला ऊठ म्हणणारा?” तोंड फरशीकडेच होतं, पण आवाज संतापानं थरथरत होता. “ज्याच्यापुढे पडलोय त्यानं म्हणायला हवं. जा... साहेबाला विचार, उठू का म्हणून.”