भावाच्या वाट्याची ताडी

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीनेही ज्याच्याबद्दल फक्त ऐकलं असेल अशा काळी, एका रुंद नदीच्या काठी ताडाच्या झाडांचं एक गाव होतं. गावाला एक पाटील होता, आणि पाटलाला आपल्या अंदाजाचा भारी अभिमान होता.

अंदाज कसला म्हणाल, तर ताडीचा. हसू नका. खळी उरकत आली की सणाला सारं गाव एका पंगतीत जेवायला बसायचं, आणि जेवणाबरोबर ताडी असायची. आता ताडी म्हणजे काही कणगीतलं भात नव्हे, की उरलं तर परत ओतून ठेवलं. पहाटे झाडावरून उतरवली की सकाळी गोड, दुपारी झोंबणारी, आणि दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही इतकी आंबट. आयत्या वेळी मागून मिळेल म्हणाल, तर तेही नाही. झाडावर चढून फुलोऱ्याचे दांडे आधी कितीतरी दिवस रोज तासावे लागतात, तेव्हा कुठे रस ठिबकायला लागतो. शिवाय ज्या ताडाला मडकं बांधलं, त्याला त्या साली ताडगोळे धरत नाहीत. म्हणजे जास्त सांगितली तर पोरांचे ताडगोळे गेले, आणि कमी सांगितली तर पंगतीत माणूस तहानलेला राहिला. हे सगळं पाटलाने आधीच ठरवायचं.

एका वर्षी पाटलाचा अंदाज चुकला. म्हणजे डोकी त्याने बरोबर मोजली होती, पण तहान मोजली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ आपल्या माणसांना घेऊन गावाच्या टोकाचं शेवटचं खळं झोडत होता. सगळ्यांचं काम उरकलं तरी त्यांचं चालूच होतं. ती माणसं घामाने भिजून पंगतीच्या शेवटी येऊन बसली, तेव्हा मडकी रिकामी झाली होती.

वाढणाऱ्याने मडकं उलटं करून दाखवलं. पाटील ओशाळून काही बोलणार, तोच धाकट्याने आपला पानांचा द्रोण जमिनीवर पालथा घातला.

त्या गावात पालथ्या द्रोणात पुन्हा कुणी काही वाढत नसे. पालथा द्रोण म्हणजे पुरे.

"दादा, आम्ही शेवटी आलो म्हणून आमची आठवणही शेवटीच व्हायची का?" एवढंच तो बोलला. मग तो आपली माणसं घेऊन होडीत बसला आणि नदीपलीकडच्या रानात राहायला गेला.

पाटलाला ते फार लागलं. ज्याला खांद्यावर बसवून त्याने नदी दाखवली होती, तो भाऊ त्याच नदीच्या पलीकडे जाऊन बसला होता. रोज संध्याकाळी पाटील काठावर येई आणि पलीकडच्या झाडीतून चुलीचा धूर निघताना पाही. धूर दिसला की घरी जाई. त्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

पुढच्या वर्षी ताडी उतरवणारा विचारायला आला, "पाटील, यंदा मडकी किती बांधू?"

"गावाची बांध. आणि पलीकडच्यांची बांध."

"पलीकडचे येणार आहेत?"

"येईल की. घर त्याचं आहे."

"मग द्रोण धाडलात?"

पाटील चिडला. "भावाला द्रोण धाडू? वेड लागलंय का तुला?"

त्याच्या चिडण्यालाही कारण होतं. त्या गावात आवतण म्हणून पळसाच्या पानांचा द्रोण धाडत, पण तो परक्या पाहुण्याला. घरचा माणूस न बोलावता यायचा. घरच्याला द्रोण धाडणं म्हणजे तू आता परका झालास, असं तोंडावर सांगणं. पाटलाला काहीही चाललं असतं, पण भावाला परका म्हणणं त्याच्याने झालं नसतं.

सणाच्या दिवशी ढोल वाजले. पंगतीचं शेवटचं टोक मोकळं ठेवलं होतं, आणि तिथे भरलेली मडकी झाकून ठेवली होती. पाटील घास घेई आणि नदीकडे बघे. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी आंबलेली ताडी त्याने स्वतः काठावर नेऊन ओतली. ओततानाही त्याची नजर पलीकडेच होती.

असं वर्षामागून वर्ष चाललं. दर वर्षी जास्तीची मडकी, दर वर्षी मोकळं टोक, दर वर्षी काठावर आंबट वासाचा ओघळ. पोरं ताडगोळ्यांसाठी कुरकुरत. पाटील म्हातारा झाला, पण त्याचा हिशेब बदलला नाही.

मग एका पावसाळ्यात वादळ झालं आणि निम्मे ताड मोडून पडले. सण जवळ आला तेव्हा ताडी उतरवणारा खाली मान घालून म्हणाला, "पाटील, यंदा गावापुरतीच होईल. पलीकडच्यांचं काही जमत नाही."

पाटलाला वाटलं, नेमका याच वर्षी तो आला तर? पुन्हा त्याच्यासमोर रिकामं मडकं उलटं करायचं? त्यापेक्षा आधीच जाऊन सांगावं की बाबा, यंदा येऊ नकोस. बघा आता माणसाची गंमत. ज्या भावाला कधी ये म्हणायला गेला नाही, त्याला येऊ नको सांगायला पाटील होडीत बसला.

पलीकडे झोपड्या होत्या, पण दारं उघडी आणि अंगणात गवत. एकाच चुलीतून धूर निघत होता. चुलीपाशी एक थकलेली म्हातारी बसली होती. दोन्ही भाऊ तिच्याच हातांवर जन्मले होते. ती त्या गावची सुईण होती, आणि धाकट्याबरोबर इकडे आली होती.

"काकी, बाकीची कुठे गेली?"

"गेली रे पोरा. गेल्या सणानंतर उठून गेली. डोंगरापलीकडे गेली म्हणतात. माझ्याने चालवेना, म्हणून मी राहिले."

म्हणजे वर्षभर पाटील रोज ज्याच्याकडे बघून जेवत होता, तो धूर या एकट्या म्हातारीच्या चुलीचा होता.

"मी त्याची दर वर्षी वाट पाहिली, काकी!"

"तोही पाहायचा. सणाच्या दिवशी इथे चूल पेटायची नाही. सगळी न्हाऊन धुऊन काठावर बसायची, तुझा द्रोण येईल म्हणून. स्वतःचा पालथा घातला होता ना त्याने. नवा तू दिल्याशिवाय कसा येणार तो?"

"पण त्याच्या वाट्याची ताडी मी दर वर्षी राखून ठेवत होतो. एकदाही विसरलो नाही."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची फार कीव आली.

"राखलेली आम्हाला कशी दिसणार पोरा? आम्हाला दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर आंबट वास यायचा. तो म्हणायचा, बघ काकी, दादाकडे इतकी उरते की ओतून देतो, पण मला एक द्रोण धाडत नाही."

पाटील चुलीपाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

रडून झाल्यावर तो उठला. पळसाची पानं तोडून त्याने तिथेच एक द्रोण लावला, दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरला आणि म्हणाला, "काकी, सणाला ये." तिला धरून त्याने होडीत बसवलं. त्या दिवसापासून पलीकडचा तो एक धूरही दिसेनासा झाला.

त्या सणाला पहिली ताडी पंगतीच्या शेवटच्या माणसाला वाढली गेली, आणि ती म्हातारी होती. पाटलाने स्वतःच्या द्रोणात काहीच घेतलं नाही. पुढे डोंगराकडे जाणारा जो कोणी वाटसरू भेटे, मग तो धनगर असो की बैरागी, त्याच्या हातात पाटील एक द्रोण देई. "माझा भाऊ दिसला तर दे. म्हणावं, परका म्हणून नाही धाडला." द्रोण कुठवर पोहोचले कुणास ठाऊक. पानंच ती, वाटेत वाळत असतील.

उरलेले ताड सावरले. ताडी उतरवणाऱ्याने पुन्हा विचारलं, "पाटील, मडकी किती?"

पाटलाने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "गावाची," तो म्हणाला, "आणि एक त्याचं. आता बोलावलंय त्याला."

सणाच्या दिवशी पाटील पंगतीच्या शेवटी बसला. शेजारी एक द्रोण ठेवला, उताणा. ढोल थांबले, माणसं उठली, ताडी आंबली, तरी तो उठला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ज्याची वाट पाहता त्याला आधी हाक मारा. मनात राखून ठेवलेला वाटा पलीकडच्या काठावरून दिसत नाही.