ठकूबाईचं प्रस्थान

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पायरवाडीच्या मठात नारोबा महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट. गावात ठकूबाई कासारीण राहायची. तिच्या पोटात गाठ होती. कर्करोग यकृतापर्यंत पोचलाय असं सांगून तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. ठकूबाईला आता एकच हवं होतं. घाटावर दिलेल्या पाठच्या बहिणीला, कोंडाला, एकदा डोळे भरून बघायचं. पण वाटेत कळ उठली तर? या विचारानंच तिचे हातपाय गार पडत.

मुहूर्त विचारायला ती त्र्यंबकशास्त्र्यांकडे गेली. शास्त्रीबुवांना अख्ख्या गावाचं भविष्य ठाऊक होतं. स्वतःच्या म्हशीचं तेवढं चुकलं होतं. ते हसून म्हणाले, “ठकूबाई, तुझ्या पत्रिकेत आता एकच प्रवास उरलाय. त्याला मुहूर्त लागत नाही, चौघे जण लागतात!”

ती रडत मठात आली. महाराज म्हणाले, “मुहूर्तावर निघता येत नसलं की आपण शेजाऱ्याकडे गाठोडं ठेवतो, प्रस्थान म्हणून. तुझं माझ्याकडे ठेव.” तिनं फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून त्यांच्यापुढे ठेवलं.

बुधवारी रावजीची एकच बैलगाडी घाट चढणार होती, आणि शास्त्रीबुवांनाही वरच्या गावी लग्न लावायचं होतं. त्यांना झक मारत ठकूबाईशेजारी बसावं लागलं. “हे बघ, घाटात काही करू नकोस,” ते म्हणाले. “शुभकार्याला निघालोय मी.”

तिसऱ्या वळणावर कळ आलीच! खाली दरी, वर धुकं, आसपास वस्ती नाही. ठकूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शास्त्रीबुवांना एकही मंत्र आठवेना. त्यांनी तिचा हात धरला की तिनं त्यांचा, हे रावजीलाही पुढे कधी सांगता आलं नाही.

“महाराज, उचला हो!” ती ओरडली.

कळ गेली. हळूहळू ओसरली नाही; डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तशी गेली!

कोंडाकडे ठकूबाई चार दिवस राहिली. भाकरी खाल्ली, हसली. आईच्या नथीवरून दोघी कडाकडा भांडल्यासुद्धा.

परतताना लग्न आटोपून शास्त्रीबुवाही त्याच गाडीत बसले. गाडी थेट मठापुढे थांबली. महाराज गाठोडं पोटाशी आवळून घोंगडीवर पडले होते. अंग घामानं निथळत होतं. मठ झाडणारी म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “बुधवारी दुपारपासून असंच चाललंय बघा. अन्न नाही, पाणी नाही.”

शास्त्रीबुवा उंबऱ्यातच खिळले. ठकूबाई पुढे सरकली. “द्या महाराज, माझं मला.”

“फार जड आहे गं हे.”

“असू दे. बहीण भेटली माझी. द्या.”

तिनं गाठोडं घेतलं आणि कळ पोटात परतली. ती वाकली, कण्हली. पण हातपाय गार पडले नाहीत. तिनं चमकून वर पाहिलं.

“दुखणं तुझं तुला दिलं,” महाराज म्हणाले. “भय तेवढं ठेवून घेतलंय. ते मागू नकोस.”

शास्त्रीबुवांनी पगडी उतरवली आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. “महाराज, माझंही प्रस्थान ठेवून घ्या.”

“तुम्ही कुठं निघालात, शास्त्री?”

“कुठंच नाही, महाराज,” ते पुटपुटले. “पण भीती फार वाटते.”