खिडकीच्या कड्या

एकदा एका गावच्या शाळेत एक तरुण शिक्षिका रुजू झाली. शिकलेली, विषयात पक्की; पण स्वभाव असा भित्रा, की दार आपटलं तरी दचकायची.

तिच्या आठवीच्या वर्गातल्या ईश्वरीच्या स्कर्टवर एके दिवशी डाग पडला. मुलगे फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून ईश्वरी घरीच बसली. "नाव काढून टाका पोरीचं," वडील म्हणाले. शिक्षिकेने हात जोडले, "उद्या मासिक पाळीचा तास आहे. तेवढ्या एका तासाला पाठवा. मग तुमची मर्जी."

ईश्वरी आली. शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसली.

या तासाची शाळेत एक रीत होती. मुलग्यांना कबड्डीला पिटाळायचं, खिडक्या लावायच्या आणि खालच्या आवाजात उरकायचं. धीर यावा म्हणून शिक्षिकेने ती स्वतः शिकली त्या शाळेच्या वृद्ध मुख्याध्यापिकेला बोलावलं होतं. त्या आल्या, पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि निमूटपणे खिडक्यांच्या कड्या काढू लागल्या.

"बाई, अहो हे काय?" शिक्षिका कुजबुजली. "बाहेर मुलं ऐकतील!"

"मोठ्यानं बोल गं. मला कमी ऐकू येतं."

पहिली कडी टणकन फरशीवर पडली. शिक्षिका दचकली. खिडकीत मुलग्यांची डोकी जमली.

"डोकावता कशाला? मान अवघडेल. आत या," बाई म्हणाल्या.

मुलगे आत आले. शिक्षिकेने फळ्यावर गर्भाशय काढलं. दर महिन्याला आत एक मऊ अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. यात आजार नाही, विटाळ नाही, असं तिने सांगितलं.

त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसलेला समाधान उठला. "मॅडम, दुखतं का हो?"

शिक्षिकेने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोच मागून आवाज आला.

"दुखतं," ईश्वरी उभी होती. "पोटात पिळवटतं. वर कोणी दात काढले की जास्त."

समाधान वरमला. "चुकलं माझं. आमच्या ताईला कावळा शिवला म्हणायचे ना, तर मी लहानपणी दगड घेऊन कावळ्याची वाट बघत बसायचो."

सारा वर्ग खळाळून हसला. सर्वांत जास्त ईश्वरी.

तास संपल्यावर शिक्षिकेने विचारलं, "बाई, पण कड्या का काढल्या?"

"तू आठवीत असताना हाच तास झाला होता. त्यातलं काय आठवतं?"

शिक्षिकेने खूप आठवून पाहिलं. "उकडत होतं. खिडक्या बंद होत्या."

"बघ. आपण तोंडाने सांगतो, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हाताने कडी लावतो. मुलं आपल्या हातांकडे बघून शिकतात."

ईश्वरीचं नाव पटावर राहिलं. पुढच्या महिन्यात गणिताच्या भर तासाला ती उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडम, पॅड हवाय."

शिक्षिका दचकली नाही. तिने खणातून पॅड काढला आणि कागदात न गुंडाळता तसाच तिच्या हातात दिला. ईश्वरी ताठ मानेने सगळा वर्ग ओलांडून गेली. कोणी वरसुद्धा पाहिलं नाही.

गणित अवघड होतं.