सलग नव्वद दिवस

गडाच्या नियमाला प्रश्न विचारायचा नाही, असं सगुणाला बजावलेलं होतं. शेती सांभाळून पहारा देणाऱ्याचे सलग नव्वद दिवस भरले, तरच तो जखमी झाल्यावर त्याच्या घराला धान्य मिळे. तिच्या आबांचा पाय शंभराव्या दिवशी बुरुजावर मोडला. धान्य मागायला ती गडावर किल्लेदाराकडे गेली.

"मध्ये एक दिवस मीच त्याला घरी धाडलं होतं. खंड पडला!" किल्लेदार मिशीत हसला.

"त्या दिवशी आबांच्या बुरुजावर कोण होतं?"

"एका दिवसासाठी कोण बदली माणूस देतं, पोरी?"

"म्हणजे गडाचा बुरूज तुम्ही दिवसभर रिकामा सोडलात? महाराजांना हेच सांगू?"

किल्लेदाराने घाम पुसत आबांचा तो दिवस हजेरीत भरला.

सोबत आलेले गावचे म्हातारे कुजबुजले, "सगुणे, उलट बोललीस. आता माफी माग."

"बुरूज मी रिकामा सोडला होता का? नाही मागणार!"

म्हातारे धान्य घ्यायला कोठाराकडे वळले.