जोखडाचा वण

सीना नदीच्या काठी करंजवाडी नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर, कडुलिंबांच्या गर्द सावलीत चंदनगिरी महाराजांचा मठ होता. महाराज तेथे कोठून आले हे कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेली त्यांची शांत मूर्ती पाहिली की माणसाला हायसे वाटे.

काय दिवस होते ते! गावात औषधाची बाटली कुणी पाहिली नव्हती. विळा लागला, ठेच लागली, काटा मोडला, की लोक मठाकडे वळत. तिथे ठकूबाई असे. ही मेंढपाळाची विधवा मठाची झाडलोट करी आणि मठामागच्या खोपटात राही. लिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्याने ती जखम धुई, बांधावरच्या एकदांडीचा पाला चुरगळून त्याचा हिरवा रस पिळी आणि तुपात कालवलेली हळद लावी. हे सारे करताना तोंडाने महाराजांचे नाव चाले. त्या चुरगळलेल्या पाल्याचा उग्र वास जुन्या माणसांच्या नाकातून अजून गेलेला नाही.

गावचे उमाजीराव पाटील तसे देवधर्माचे माणूस, पण त्यांचा डौल फार. त्या वर्षी त्यांनी देवळाचा सभामंडप बांधायला काढला होता. रोज गाडीभर दगड यायचा आणि पाटील मिशीवर हात फिरवत तो मोजून घ्यायचे. गाडीला त्यांचा चांद्या बैल होता. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला जाण्याचा मान याच चांद्याचा.

श्रावणात चांद्याच्या खांद्यावर जोखडाने साल गेले. करवंदाएवढी जखम! पाटलांच्या गड्याने संध्याकाळी बैल मठात आणला. ठकूबाईने जखम धुतली, पाला लावला आणि सांगितले, "ह्याला चार रोज जुंपू नगा. पाल्यानं खपली धरंल, पन तिच्यावर जू ठिवू नगा."

पण सभामंडप थांबतो काय! सकाळी बैल पुन्हा गाडीला. रात्री धरलेली खपली दिवसा निघायची. होता होता जखम चिघळली, तेव्हा पाटील चार माणसे घेऊन मठात आले.

"काय गं ठके, हीच का तुझी विद्या? गवत चोळून जखमा बऱ्या होतात व्हय?"

"मालक, त्याला जरा इसावा द्या..."

"देवाच्या कामाला जुंपलाय तो! त्याचं देव बघून घेईल, तू नको शिकवूस. पोळ्याला चांद्या तोरणाखालनं गेला न्हाय, तर खोपट मोडून बिऱ्हाड उचलायचं. जागा माझी हाय."

बरोबरची माणसे हसली. ठकूबाई कुठे जाणार होती? तिला ना लेक, ना माहेर. ती महाराजांच्या पायाशी येऊन रडू लागली.

महाराज म्हणाले, "बाई, तू पाला लावीत राहा. जोखडाचे मी पाहतो."

तिला त्यातले काही उमगले नाही, पण महाराजांचा शब्द तिला पुरेसा होता. ती रोज सांजेला पाटलांच्या गोठ्यात जाऊन पाला लावी. इकडे गाडीही रोज चालूच होती. पण नवल असे की, खपली टिकू लागली! गाडीवान लोकांना सांगे, "दगूड तेवढाच, पर चांद्या मोकळा चालल्यावानी चालतोय बघा." त्याच दिवसांत महाराज मात्र ऐन उकाड्यातही घोंगडी अंगावरून काढीनासे झाले. त्यांना हिंवताप असावा, असे लोक म्हणाले.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर ओझे ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दरवर्षी हे गडी करीत. यंदा पाटलांनी स्वतः वाटी घेतली, ती ठकूबाईची फजिती चारचौघांत दाखवण्यासाठी. त्यांनी चांद्याच्या खांद्यावर हात ठेवला. कातडे साफ! वर बारीक पांढरी लवसुद्धा आली होती.

पाटील डगमगले नाहीत. "बघा! जू एक दिवस उतरवलं न्हाय, तरी बैल बरा झाला. इसावा म्हणे!" असे हसत, हातातल्या वाटीसकट ते चारचौघांसह महाराजांना पोळ्याचे आमंत्रण द्यायला मठात गेले. ठकूबाई तिथेच झाडलोट करीत होती.

महाराजांनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि घोंगडी घसरली.

मानेच्या मागे, उजव्या खांद्यावर, जोखडाचा लालबुंद वण होता. साल गेलेले, कडा सुजलेल्या, आणि वर एकदांडीचा हिरवा चोथा. ठकूबाईने तो चोथा ओळखला. काल सांजेला तिने तो चांद्याला लावला होता!

"अगं आई गं! महाराज, हे काय केलंत!" तिने हंबरडा फोडला.

महाराज हसून म्हणाले, "देवाचे काम होते ना, पाटील? देवाने पाहून घ्यावे, असे तुम्हीच म्हणालात. हिच्या पाल्यात उणे नव्हते. ती रोज जखम भरत होती आणि तुम्ही रोज ती उकरत होता. आम्ही फक्त मधे खांदा दिला."

सभामंडपाचा एकेक दगड कुणाच्या खांद्यावरून आला, हे पाटलांना आता दिसले. ते महाराजांच्या पायांवर कोसळले आणि लहान मुलासारखे रडले. मग वाटीत बोटे बुडवून पुढे सरकले. "महाराज, मला मळू द्या. एवढी सेवा घ्या."

"ते ठकूबाईला विचारा," महाराज म्हणाले.

गावचा पाटील वळला आणि सगळ्यांच्या देखत त्याने त्या मेंढपाळणीपुढे डोके टेकवले.

ठकूबाईने डोळे पुसले. लिंबाच्या पाण्याचा तांब्या तिने पुढे सरकवला.

"आधी हात धुवा, मालक," ती म्हणाली.