शेपटी गेली की तळ्यात

वरच्या आळीत राहायचा की खालच्या, ते सोडा, पण एका गावात एक भोळा गडी होता. नाव गुणाजी. अंगाने आडदांड, मनाने लोणी. सांगितलेलं काम जीव ओतून करायचा, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

तो कुमुदबाईंकडे कामाला होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गावचं तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असं सरपंच हिंदुरावांच्या मनात आलं होतं. तळ्यात बेडूकसुद्धा उरले नाहीत, मग ठेवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाई हट्टाला पेटल्या. त्यांनी डबक्यातले चाळीस बेडूकमासे आणून परसातल्या टबांत वाढवायला घेतले. बेडूक झाले की तळ्यात सोडायचे आणि सरपंचांना दाखवायचे.

पहिल्याच दिवशी गुणाजीने टबात नळाचं ताजं पाणी ओतलं. बेडूकमासे उलटेपालटे होऊ लागले. बाईंनी धावत येऊन त्यांना दुसऱ्या टबात हलवलं.

"अरे, नळाच्या पाण्यात औषध असतं! आणलं की आधी एक दिवस उघड्यावर ठेवायचं."

"व्हय बाई. ध्यानात ठिवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बेडूकमाशांना खायला पालक आणायला सांगितला. गुणाजीने जुडी आणली, उन्हात ठेवली आणि दिवसभर राखण करत बसला. संध्याकाळी पालकाचा पापड झाला.

"अरे देवा! आणला की लगेच उकळायचा, गार करायचा, मग ठेचून टाकायचा."

"व्हय बाई."

काही आठवड्यांनी बेडूकमाशांना पाय फुटू लागले. बाई म्हणाल्या, "मोठ्या टबासाठी एक चपटा दगड आण." गुणाजीने आणला. उकळला. गार केला. मग घण घेऊन ठेचायला बसला. दुपारपर्यंत टोपलीभर खडी झाली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "शहाण्या, दगड अख्खा ठेवायचा! पाय फुटले की बसायला जागा लागते. अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर, असं बसवायचं. आणि शेपटी पूर्ण गेली की उचलून तळ्यात सोडायचं."

गुणाजीने दुसरा दगड ठेवला. पहिल्या बेडकाची शेपटी गेली, तसा तो तळ्यात सोडून आला. पण त्याला करमेना. संध्याकाळी बेडकाला परत धरून आणलं.

"मला हाका मारत हुता, बाई."

"एकदा तळ्यात सोडलेल्याला परत धरायचं नाही. कितीही ओरडला तरी!"

"व्हय बाई."

एकेक करत सगळे बेडूक तळ्यात गेले आणि सरपंच बघायला आले. माणूस चणीने लहान. डोक्यावर टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, त्याचा सोगा मागे लोंबत होता. बाई चहा टाकायला निघाल्या. जाताजाता गुणाजीच्या कानात म्हणाल्या, "पाहुण्यांना नीट बसव. आपलं तळं यांच्या हातात आहे."

गुणाजीने सरपंचांना निरखून पाहिलं. पाय फुटलेले होते. चांगले दोन. त्याने त्यांना अलगद उचललं आणि मोठ्या टबातल्या दगडावर बसवलं. अर्धे पाण्यात, अर्धे बाहेर.

"अरे ए! सोड मला!"

"कसं सोडू? शेपटी हाय की अजून."

सरपंचांनी वळून पाहिलं. सोगा पाण्यावर तरंगत होता. त्यांनी तो घाईघाईने गोळा करून कमरेला खोचला.

"गेली!" गुणाजीला कोण आनंद झाला. त्याने सरपंचांना खांद्यावर टाकलं आणि थेट परसामागचं तळं गाठलं.

धप्पकन आवाज आला. बाई हातातल्या कपबशीसकट धावल्या. सरपंच पाय गाळात रुतून गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते, आणि त्यांच्या टोपीवर एक छोटासा बेडूक ऐटीत बसला होता.

"बाई, बघितले बेडूक! तळं बुजवत नाही, आईची शपथ! पण मला बाहेर काढा!"

तळं वाचलं. बाईंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. "गुणाजी, अरे बघतोस काय? काढ त्यांना!"

गुणाजी काठावर हाताची घडी घालून उभा राहिला. यावेळी तो चुकणार नव्हता.

"न्हाई बाई. एकदा सोडलेल्याला परत धरायचं न्हाई. कितीबी ओरडला तरी."