सारख्या खिडक्या

“आणि मी खिडक्या सारख्या नाहीच केल्या तर?” अवनीने विचारलं.

गायधनी सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. अंबडच्या त्या कारखान्यात त्यांना असं विचारायची कुणाची छाती नव्हती. सर्किट बोर्डावर सोल्डरची पेस्ट कुठे आणि किती बसावी, हे पातळ पोलादी पत्र्यातली भोकं ठरवतात, आणि ती भोकं आखायला निम्मं नाशिक सरांच्या हाताखाली शिकलं होतं.

सरांचा नियम साधा होता. बोर्डावर बसणाऱ्या पार्टचं पोट, म्हणजे बोर्डाला टेकणारी खालची बाजू, मोठं असलं, तर त्याखाली एक सबंध भोक ठेवायचं नाही, सारख्या चौकोनी खिडक्या पाडायच्या. नाहीतर वितळलेल्या सोल्डरवर पार्ट तरंगतो.

पण हा नवा पार्ट भलताच निघाला. त्याचं पोट बुटाच्या तळव्यासारखं, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळतं. अवनीचं म्हणणं होतं की सारख्या खिडक्या ठेवल्या तर रुंद बाजूला सोल्डर जास्त पडेल, ती बाजू उचलली जाईल आणि तिकडचे बारीक पाय अधांतरी राहतील. म्हणून तिने रुंद बाजूला चिमुकल्या खिडक्या काढल्या होत्या आणि निमुळत्या बाजूला ऐसपैस.

सरांकडे चित्र आधी पेन्सिलीने, आलेखाच्या कागदावर काढायचं. सरांनी ते दोनदा खोडलं. तिने दोनदा, जसंच्या तसं, पुन्हा काढलं.

“मी चुकतोय म्हणतेस?”

“या पार्टपुरतं, हो.”

...

“आणि तू चुकलीस तर?”

अवनीचं डोकं तापलेलं होतं. ती म्हणाली, तर मग आखणीचं टेबल सोडते आणि परत तपासणीला जाऊन बसते. तपासणीच्या भिंगातून डोळे फोडत तिने उमेदीची वर्षं काढली होती. या टेबलापर्यंत ती कशी पोचली, हे सरांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बोलून गेली आणि मनातून चरकली. पण माघार घेईल ती अवनी कसली.

सरांनी दोन पत्रे कापून आणवले. एक त्यांच्या नियमाचा, एक तिचा.

आधी सरांच्या पत्र्यातून पेस्ट लावलेला बोर्ड सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतून बाहेर आला. रुंद बाजू उचललेली, पाय हवेत. ती म्हणाली होती अगदी तसं. अवनीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण फारसा नाही.

मग तिचा आला.

तिने तो भिंगाखाली धरला... पार्ट कललेला होता. या खेपेला उलटा. निमुळत्या बाजूच्या खिडक्या तिने हट्टापायी इतक्या मोठ्या केल्या होत्या, की आता तीच बाजू उचलली गेली होती.

अवनीचे कान लाल झाले. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

“शब्द दिला होतास,” सर म्हणाले.

“हो.”

“मग?”

तिने दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. कोरा कागद ओढला आणि पहिली रेघ मारली.

“शब्द मोडतेय, सर. पार्ट तुमचाही कलला. तुम्ही कुठे टेबल सोडलंत?”

...

सर उठले. आता हे आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवणार, असं तिला वाटलं. तरी तिने पेन्सिल खाली ठेवली नाही.

टेबलाच्या पलीकडे, जिथे बसून ते सगळ्यांची चित्रं खोडत आले होते, तिथली आपली खुर्ची त्यांनी उचलली. वळसा घालून ती तिच्या बाजूला आणली.

“थोडी सरक,” ते म्हणाले. “तिथून मला दिसत नव्हतं.”